चुका पोटात घालणारं विमान : डॉ. विष्णू माधव घाटगे

मरोळमध्ये राहणाऱ्या माणसाला विमानाचं अप्रूप उरत नाही. सहारचा रनवे इतका जवळ आहे की डोक्यावरून विमान गेलं की बोलणारा थांबतो, आवाज ओसरला की त्याच शब्दापासून पुढे चालू. एअरबस कुठलं आणि बोइंग कुठलं हे नुसत्या शेपटीवरून सांगणारे तज्ज्ञ होस्टेलच्या प्रत्येक मजल्यावर सापडतील. फायटर विमानांचं वेड तर विचारूच नका. सुखोई, मिराज, राफेल यांचा टॉप स्पीड, रेंज, इंजिनाचा थ्रस्ट, सगळं पाठ! पण एक साधा प्रश्न विचारून बघा. सुखोई चालवणारा तो वैमानिक पहिल्यांदा जेव्हा कॉकपिटमध्ये बसला, ते विमान कुठलं होतं? आणि ते कुणी बनवलं होतं?

अनेक वर्षं या प्रश्नाचं उत्तर होतं, एचटी-२ आणि किरण. आणि ही दोन्ही विमानं ज्याच्या नेतृत्वाखाली तयार झाली तो माणूस कोल्हापूरकडचा, आपला मराठी माणूस होता. डॉ. विष्णू माधव घाटगे. विमानक्षेत्रातल्या लोकांना हे नाव चांगलंच माहीत आहे. एरोनॉटिकल सोसायटी ऑफ इंडिया त्यांच्या नावाने पुरस्कार देते, बंगळुरूला हिंदुस्तान एरोनॉटिक्सच्या एका मोठ्या सभागृहाला त्यांचं नाव आहे. पण महाराष्ट्रातल्या इंजिनिअरिंगच्या मुलांना विचारलं तर बहुतेक जण मान हलवतील. म्हणून हा लेख.

हसूरचंपू ते गॉटिंगेन

घाटगे यांचा जन्म २४ ऑक्टोबर १९०८ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातल्या गडहिंग्लज तालुक्यात हसूरचंपू या गावी झाला. तेव्हा कोल्हापूर हे संस्थान होतं आणि गादीवर शाहू महाराज होते. जगातल्या पहिल्या विमानाचं उड्डाण होऊन जेमतेम पाच वर्षं झाली होती. म्हणजे हा मुलगा आणि विमान बरोबरच मोठे झाले म्हणायला हरकत नाही.

मुंबई विद्यापीठाचं शिक्षण संपवून ते पुढे जर्मनीत गॉटिंगेनला गेले. कुणाकडे? तर लुडविग प्रांट्ल यांच्याकडे! ज्यांनी फ्लुइड मेकॅनिक्सचा पेपर दिलाय त्यांना हे नाव वेगळं सांगायला नको. वाहत्या हवेचा किंवा पाण्याचा जो पातळ थर पृष्ठभागाला चिकटून हळू सरकतो, तो बाउंडरी लेअर. ही कल्पना प्रांट्ल यांनी १९०४ साली मांडली आणि विमानाच्या पंखाचं गणित खऱ्या अर्थाने तिथून सुरू झालं. थिओडोर फॉन कारमान त्यांचेच विद्यार्थी. अशा गुरूच्या हाताखाली घाटगे यांनी डॉक्टरेट केली आणि १९३६ च्या सुमाराला ते भारतात परत आले.

पण परत येऊन करणार काय? त्या वेळी आपल्या देशात विमान बनवणारा एकही कारखाना नव्हता. जगातल्या सगळ्यात मोठ्या गुरूकडून विमानशास्त्र शिकून आलेला माणूस आणि त्याला विमान बनवायला जागाच नाही! आज आपण प्लेसमेंटची काळजी करतो. त्यांच्या वेळी तर इंडस्ट्रीच अजून जन्माला यायची होती.

वालचंदांचा कारखाना

ती इंडस्ट्री काढली सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी. सांगलीचं वालचंद कॉलेज आपल्याला माहीत असतं. मुंबईच्या रस्त्यांवर २०२३ पर्यंत धावलेली काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी ज्या प्रीमियर कंपनीची, ती कंपनीही वालचंदांनीच काढलेली. १९३९ साली अमेरिकेच्या प्रवासात त्यांची विल्यम पॉली नावाच्या विमान व्यावसायिकाशी गाठ पडली आणि भारतात विमानाचा कारखाना काढायची कल्पना निघाली. म्हैसूर संस्थानाने जमीन आणि भांडवल दिलं आणि २३ डिसेंबर १९४० रोजी बंगळुरूला हिंदुस्तान एअरक्राफ्ट कंपनी सुरू झाली.

घाटगे या कंपनीत अगदी सुरुवातीलाच दाखल झाले. तिथे त्यांनी एक दहा आसनी ग्लायडर डिझाइन केला. ग्लायडर म्हणजे इंजिन नसलेलं विमान. त्याचं नाव जी-१. १९४१ साली तो उडाला. तो एकच बनला, पण भारतात डिझाइन झालेलं आणि या कारखान्यातून उडालेलं हे पहिलं यंत्र.

मग दुसरं महायुद्ध दाराशी आलं. १९४२ मध्ये सरकारने कारखाना ताब्यात घेतला, पुढे तो अमेरिकन हवाई दलाच्या विमानांच्या दुरुस्तीचं मोठं केंद्र बनला. दुरुस्ती जोरात, डिझाइन बंद. दुसरा कुणी असता तर कपाळाला हात लावून बसला असता. घाटगे यांनी शिकवायला घेतलं. डिसेंबर १९४२ मध्ये बंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये विमानशास्त्राचा विभाग सुरू झाला. तो उभा करणाऱ्यांत आणि तिथल्या पहिल्या शिक्षकांत घाटगे होते. देशात डिझायनर नाहीत, तर आधी डिझायनर तयार करू, असा सरळ हिशोब. युद्ध संपल्यावर ते पुन्हा कारखान्यात आले आणि चीफ डिझायनर झाले.

एचटी-२ : कडक मास्तर

स्वातंत्र्य मिळालं तेव्हा आपल्या हवाई दलाचे कॅडेट टायगर मॉथवर उडायला शिकत होते. दोन मजली पंखांचं, कापड ताणून बसवलेलं, १९३१ सालचं ब्रिटिश विमान. त्याच्या जागी आपलं स्वतःचं विमान हवं होतं.

इथे थोडं थांबून विचार करा. नव्या स्वतंत्र देशाचा चीफ डिझायनर, प्रांट्लचा विद्यार्थी. जेटचं युग सुरू झालेलं. त्याच्या हाती पहिलं काम काय आलं, तर नवशिक्यांसाठी पंख्याचं छोटं विमान! पण घाटगे आणि त्यांच्या टीमने ते काम कमी लेखलं नाही.

ऑगस्ट १९५१ मध्ये कॅप्टन जमशेद मुन्शी यांनी एचटी-२ पहिल्यांदा आकाशात नेलं. एचटी म्हणजे हिंदुस्तान ट्रेनर. पूर्ण धातूचं, पंख खाली जोडलेले, एकामागे एक अशा दोन सीट, पुढे सुमारे १५५ हॉर्सपॉवरचं इंजिन. आकडे ऐकून आज हसू येईल. पण लक्षात घ्या, कॉम्प्युटर नाही, सिम्युलेशन नाही. आकडेमोड हाताने, स्लाइड रूलवर आणि भरवसा विंड टनेलवर.

एचटी-२ ला पुढे दोन चाकं आणि शेपटीखाली एक छोटं चाक होतं. अशा विमानाचा गुरुत्वमध्य मुख्य चाकांच्या मागे पडतो. त्यामुळे उतरल्यावर पायाने रडर नीट सांभाळलं नाही तर विमान रनवेवर गर्रकन फिरू पाहतं. म्हणजे या विमानावर आळशी पाय चालत नाहीत. शिकणाऱ्याचं काम विमान स्वतः करून देत नाही. वर्गात कान पिळणारा पण नापास होऊ न देणारा एखादा कडक मास्तर असतो ना, तसं हे विमान. दीडशेहून जास्त एचटी-२ बनले. १९५९ मध्ये घाना या नव्या आफ्रिकी देशाच्या हवाई दलाने बारा विकत घेतले. आपल्याकडे कॅडेट्सच्या अनेक पिढ्या, तीस वर्षांहून जास्त काळ, याच विमानावर पहिला सोलो उडल्या.

त्यानंतर १९५८ मध्ये फ्लाइंग क्लबसाठी पुष्पक आणि १९५९ मध्ये कृषक ही छोटी विमानंही त्यांच्या टीमने केली. पुष्पकवर कितीतरी नागरी वैमानिक शिकले.

स्पिन म्हणजे काय?

ट्रेनर विमान बनवणं कठीण का असतं हे कळायला स्पिन समजून घ्यायला हवा.

पंखाला लिफ्ट मिळते ती हवा त्याच्यावरून चिकटून वाहते म्हणून. नाक फार वर उचललं, म्हणजे अँगल ऑफ अटॅक मर्यादेबाहेर गेला, की हवा पंखापासून सुटते आणि लिफ्ट धाडकन कमी होते. हा स्टॉल. आता समजा दोन पंखांपैकी एक आधी स्टॉल झाला. तो खाली पडतो, विमान त्या बाजूला वळतं, आणि मग स्वतःभोवती गिरक्या घेत खाली यायला लागतं. हा स्पिन. बाहेर पडायचा नेहमीचा मार्ग असा की थ्रॉटल मागे घ्यायचा, गिरकीच्या उलट बाजूचं रडर पूर्ण दाबायचं आणि स्टिक पुढे ढकलायची. पण घाबरलेला माणूस काय करतो? जमीन अंगावर येतेय म्हणून स्टिक जीव खाऊन मागे ओढतो. म्हणजे नेमकं उलटं.

नवशिक्या ही चूक करणारच. म्हणून ट्रेनर विमानाकडून दोन उलटसुलट गोष्टी हव्या असतात. ते मुद्दाम नेल्यावर स्पिनमध्ये जायला हवं, नाहीतर शिकवणार कसं? आणि योग्य उपाय केल्यावर दरवेळी, हमखास बाहेर यायला हवं. शेपटीचा आकार, रडरवर पोहोचणारी हवा, वजनाची वाटणी यातलं काहीही थोडं चुकलं तर विमान स्पिनमध्ये अडकून बसतं. फायटर विमान कुशल माणसाच्या हातात जातं. ट्रेनर विमान ज्याला काहीच येत नाही त्याच्या हातात जातं. त्या पोराची चूक विमानाने पोटात घालायची असते.

मारुत आणि किरण

१९५६ मध्ये जर्मन डिझायनर कुर्ट टँक बंगळुरूला आले आणि भारताच्या पहिल्या जेट फायटरचं, एचएफ-२४ मारुतचं काम सुरू झालं. १७ जून १९६१ रोजी मारुत उडालं. टेस्ट पायलट होते विंग कमांडर सुरंजन दास, इंग्लंडच्या एम्पायर टेस्ट पायलट्स स्कूलमध्ये शिकून आलेले. देशभर मारुतचं कौतुक झालं आणि ते व्हायलाच हवं होतं.

त्याच सुमारास घाटगे यांच्या नेतृत्वाखाली दुसरी एक टीम शांतपणे जेट ट्रेनरवर काम करत होती. वैमानिक जेट फायटर चालवणार असेल तर त्याला जेटवरच शिकवायला हवं. तोपर्यंत कॅडेट एचटी-२ वरून अमेरिकन हार्वर्डवर आणि तिथून ब्रिटिश व्हॅम्पायर जेटवर जात. म्हणजे शिकायचं एका घरात, स्वयंपाक तिसऱ्याच घरात. कॉकपिट वेगळं, सवयी वेगळ्या.

४ सप्टेंबर १९६४ रोजी एचजेटी-१६ किरण उडालं. चालवणारे पुन्हा सुरंजन दासच. यात दोन सीट एकमेकांशेजारी ठेवल्या होत्या. त्यामुळे इन्स्ट्रक्टरला विद्यार्थ्याचे हात दिसतात, चेहरा दिसतो, तो कुठल्या मीटरकडे बघतोय आणि कुठलं विसरलाय हेही दिसतं. कॉकपिट प्रेशराइज्ड, दोघांना इजेक्शन सीट, व्हायपर जेट इंजिन आणि ताशी सुमारे ७०० किलोमीटरपर्यंतचा वेग. पुढच्याच वर्षी, १९६५ मध्ये, घाटगे यांना पद्मश्री मिळाली.

सगळं गोडगोडच होतं असं नाही. उत्पादन हळू चाललं. पहिली विमानं हवाई दलाला मिळाली १९६८ मध्ये. पुढेही गरजेइतकी विमानं निघेनात, म्हणून १९७५ च्या सुमाराला पोलंडकडून पन्नास इस्क्रा ट्रेनर घ्यावे लागले. चांगलं डिझाइन आणि वेळेवर उत्पादन या दोन वेगळ्या परीक्षा आहेत. पहिलीत आपण पास झालो, दुसरीत एटीकेटी लागली. आणि टेस्टिंगची किंमतही मोठी होती. १० जानेवारी १९७० रोजी मारुतची चाचणी घेताना झालेल्या अपघातात सुरंजन दास गेले. बंगळुरूतल्या एका मोठ्या रस्त्याला त्यांचं नाव आहे.

मधली पायरी नसली की

फायटर पायलट कसा तयार होतो? एनडीएतून किंवा ग्रॅज्युएशननंतर परीक्षा, मुलाखती, अवघड मेडिकल. वैमानिकाच्या अॅप्टिट्यूड टेस्टला तर आयुष्यात एकच संधी. मग हैदराबादजवळ दुंडीगलची अकादमी. तिथे बेसिक ट्रेनरवर सुरुवात, मग कॅडेट्सची फायटर, ट्रान्सपोर्ट आणि हेलिकॉप्टर अशी विभागणी. फायटरवाले किरणवर, मग अॅडव्हान्स्ड जेट ट्रेनरवर, मग स्क्वॉड्रनमध्ये. एकेक पायरी.

पण बरीच वर्षं यातली एक पायरीच गायब होती. किरणवरून उतरलेला पोरगा थोड्याच दिवसांत मिग-२१ वर जायचा. आवाजाच्या दुप्पट वेगाने जाणारं, आणि ताशी ३०० किलोमीटरहून जास्त वेगाने उतरणारं विमान. मधल्या काळात हंटर आणि मिगचीच दोन सीटची विमानं वापरून काम भागवलं गेलं. १९८२ मध्ये एअर मार्शल ला फोंटेन यांच्या समितीने मधल्या अॅडव्हान्स्ड जेट ट्रेनरची गरज सांगितली. ब्रिटिश हॉक विमानांचा करार झाला मार्च २००४ मध्ये. बावीस वर्षं! आज आपल्या वर्गात बसलेल्या मुलांच्या वयापेक्षा जास्त.

मे २०१२ मध्ये संरक्षणमंत्र्यांनी संसदेत आकडे दिले. १९७१ पासून एप्रिल २०१२ पर्यंत मिग जातीच्या विमानांचे ४८२ अपघात, त्यात १७१ वैमानिकांचा मृत्यू. हे सगळे अपघात ट्रेनर नसल्यामुळे झाले असं म्हणणं चूक ठरेल. तांत्रिक बिघाड होते, माणसांच्या चुका होत्या. पण माणसाच्या चुका जिथे स्वस्तात व्हायला हव्यात ती जागा म्हणजे ट्रेनर विमान. तिथे झाली तर इन्स्ट्रक्टर ओरडतो. मिगमध्ये झाली तर घरी तार जायची. गेलेल्यांत बरेच जण आपल्यापेक्षा चार-पाच वर्षांनीच मोठे होते.

घाटगे हे सगळं व्हायच्या आधी निवृत्त झाले होते. ६ डिसेंबर १९९१ रोजी त्यांचं निधन झालं. मात्र त्यांचं विमान उडत राहिलं. १९९६ मध्ये सूर्यकिरण ही नऊ विमानांची कसरतींची टीम स्थापन झाली ती किरणवर, आणि २०११ पर्यंत ती किरणवरच उडली. २००९ मध्ये एचपीटी-३२ हा बेसिक ट्रेनर अपघातांमुळे थांबवला गेला. तेव्हा पहिला धडा द्यायलाही जुन्या किरणलाच बोलावलं. २०१३ मध्ये स्विस पिलाटस आल्यावर त्याची त्या जादा ड्यूटीतून सुटका झाली.

किरणच्या जागी यायचं म्हणून बनवलेलं एचजेटी-३६ हे विमान मार्च २००३ मध्ये उडालं. पण ते अडकलं कुठे? स्पिनमध्येच. शेपटी आणि बाकीची रचना बदलून, पुन्हा चाचण्या घेऊन सहा गिरक्यांच्या स्पिनमधून ते हमखास बाहेर येतं हे दाखवायला २०२२ उजाडलं. हे वाचून हिंदुस्तान एरोनॉटिक्सला नावं ठेवायची नाहीत. कॉम्प्युटर हाताशी असताना ज्या प्रश्नाने इतकी वर्षं घेतली, त्याच प्रश्नाला घाटगे यांची टीम साठच्या दशकात विंड टनेल आणि हातच्या आकडेमोडीवर भिडली होती, एवढंच लक्षात घ्यायचं.

जून २०१६ मध्ये भारताच्या पहिल्या तीन महिला फायटर पायलट कमिशन झाल्या. अवनी चतुर्वेदी, भावना कांत आणि मोहना सिंग. तिघीही इंजिनिअर! हकिमपेठला त्या जेट शिकल्या ते किरणवर. पहिल्या उड्डाणानंतर बावन्न वर्षांनी, ज्यांचा जन्मही घाटगे गेल्यानंतर किंवा त्याच सुमाराला झाला अशा मुलींना, त्यांच्या टीमचं विमान शेजारी बसवून शिकवत होतं. २०१८ मध्ये अवनीने मिग-२१ एकटीने उडवलं तेव्हा पेपरात फोटो आला मिगचा. किरणचा फोटो कुणी छापला नाही.

आपण इंजिनिअर होणार म्हणजे कधी ना कधी आपल्या वाट्याला असं काम येणार, ज्याचं पोस्टर कुणाच्या भिंतीवर लागत नाही. ब्रेक, फ्यूज, लिफ्टचा दरवाजा, हॉस्पिटलमधलं एखादं मशीन. ते वापरणारा माणूस घाबरलेला असेल, नवखा असेल, चुकणारा असेल. त्याने चूक केल्यावरही तो संध्याकाळी घरी पोचला पाहिजे, हे आपल्या ड्रॉइंगमध्ये आधीच लिहिलेलं असावं लागतं. घाटगे यांनी ते दोनदा लिहिलं, एकदा पंख्याच्या विमानात आणि एकदा जेटमध्ये. त्यांच्या विमानांत चुकून, ओरडा खाऊन, पुन्हा उडून शिकलेली कितीतरी मुलं पुढे एअर मार्शल झाली, आजोबा झाली. चांगल्या ट्रेनर विमानाचा रिझल्ट हाच असतो.